दाबून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही

भोईर सिस्टर रुग्णाच्या पायावर अंगठा टेकवायच्या आणि ओठांतल्या ओठांत दहा आकडे मोजायच्या. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडाला लागून. दहा झाले की अंगठा उचलायच्या आणि कातडीत राहिलेला खळगा वाकून बघायच्या, विहिरीत पाणी किती उरलंय ते बघावं तशा. मग कमरेला खोचलेली छोटी वही काढून त्यात इंग्रजीत एक वाक्य लिहायच्या, पान माझ्यासमोर धरायच्या आणि म्हणायच्या, "हां. आता टाइप कर."

मी तेव्हा ठाण्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात टायपिस्ट म्हणून नवीन लागले होते. पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. मी एरंडोलची. वडील जिनिंगमध्ये हमाल, घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते, पण ते सगळं गाइड पाठ करून. डोंबिवलीला मानपाड्याच्या रस्त्यावर मावशीकडे राहायचे आणि रोज ठाण्याला यायचे.

डॉक्टरांनी घाईत खरडलेल्या कागदांवरून डिस्चार्ज कार्डं, दुसऱ्या रुग्णालयांना द्यायची पत्रं, कामगारांचे दाखले टाइप करायचे, हे माझं काम. रेकॉर्ड विभाग भोईर सिस्टरांच्या हाताखाली होता. वीस वर्षं वॉर्डात काढल्यावर त्यांची कंबर धरली, म्हणून त्यांना टेबल दिलं होतं. पण त्या टेबलाशी बसलेल्या मला फारशा आठवत नाहीत. एखादा कागद पटला नाही की तो हातात घेऊन त्या तडक वॉर्डात जायच्या आणि रुग्णाशी ताडून बघायच्या.

माझ्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक होता गोदामातल्या कामगाराचा, पायावर लाकडी पेटी पडलेला. दुसरा एका म्हातारीचा, दोन्ही पाय सुजलेले. डॉक्टरांनी पहिल्यावर साधं 'स्वेलिंग' लिहिलं होतं, दुसऱ्यावर 'इडिमा', म्हणजे अंगात पाणी साठून आलेली सूज. मला वाटलं, एवढ्या मोठ्या रुग्णालयाचा कागद, तर शब्दही भारदस्त हवा. मी दोन्हीकडे इडिमा टाइप केलं होतं.

"आवडला वाटतं शब्द?" सिस्टर म्हणाल्या.

मी मान खाली घातली.

"चल, दोघांची भेट घालून देते."

त्यांनी मला वॉर्डात नेलं. आधी त्या कामगाराचा पाय दाखवला. काळानिळा, टणक, हात लावला की तो ओरडायचा. मग म्हातारीपाशी नेलं आणि म्हणाल्या, "दाब. घाबरू नकोस, दुखत नाही तिला." मी अंगठा टेकवला. दहा मोजले. उचलला, तर भिजवलेल्या कणकेत बोट घालावं तसा खळगा तिथे राहिला होता. मी खळग्याकडे बघतच राहिले. म्हातारी हसली. "सगळे येतान आन् दाबून जातान," ती म्हणाली. "कवा तरी पायसुद्धा चेपून द्या की!"

परत येताना जिन्यात सिस्टरांनी मला जे सांगितलं, ते मी पुढे कितीतरी जणांना शिकवलं. "रुग्ण सांगतो ती सूज. आपल्या अंगठ्याला सापडतो तो इडिमा. कुणी येऊन म्हणतो का, सिस्टर, मला इडिमा झालाय? मग त्याच्या तक्रारीत तो शब्द कशाला घालायचा? तक्रारीत त्याची सूज राहू दे. तपासणीत आपला इडिमा. आणि नुसतं 'इडिमा आहे' लिहायचं नाही. ते म्हणजे 'पाहुणे आलेत' म्हटल्यासारखं झालं. किती आलेत, कुठे बसलेत, कधीपासून बसलेत, ते नको का सांगायला? एक पाय की दोन? घोट्यापर्यंत की गुडघ्यापर्यंत? दाबल्यावर खळगा पडतो की नाही? हा कागद घेऊन माणूस मुंबईला जाणार. तिथल्या डॉक्टरने याला आयुष्यात पाहिलेलं नाही. त्याला कागदात पाय दिसला पाहिजे."

मी धीर करून विचारलं, "आणि स्पेलिंग? काही डॉक्टर आधी ओ लावतात, काही लावत नाहीत."

"लाव की नको लावू. पण एका कागदावर दोन तऱ्हा नकोत. आणि दाबून पाहिल्याशिवाय लिहायचं नाही. डॉक्टरने दाबलं असेल तर त्याने, नसेल तर मी. पण कुणीतरी दाबलेलं असलं पाहिजे."

डॉक्टर सामंत नावाचे एक तरुण डॉक्टर होते. हुशार, मनाने चांगले, पण सदा घाईत. ते 'इडिमा' लिहून पुढे अधिकची दोन चिन्हं मारायचे, कुठे आणि किती ते नाहीच. सिस्टर तो कागद त्यांना परत पाठवायच्या. तिसऱ्यांदा पाठवल्यावर ते आमच्या खोलीत आले.

"सिस्टर, तुम्ही इंग्रजीच्या मास्तरीण व्हायचं सोडून इकडे कशा आलात हो?"

"मास्तरणीच्या पोरांचं चुकलं तर त्यांनाच छडी बसते, डॉक्टर. तुमचं चुकलं तर बसते भलत्यालाच."

सामंत हसत सुटले, तिथेच उभं राहून त्यांनी पूर्ण वाक्य लिहिलं आणि जाताना मला म्हणाले, "यांच्याकडून शीक. आम्हाला कॉलेजात हे कुणी शिकवलं नाही." तेव्हापासून त्यांची आणि सिस्टरांची गट्टी जमली.

इतकं चोख इंग्रजी लिहिणाऱ्या भोईर सिस्टर इंग्रजी एक शब्दही बोलत नसत. एकदा विश्वस्तांबरोबर मुंबईहून पाहुणे आले. त्यांच्यातल्या एका बाईंनी रेकॉर्ड बघून इंग्रजीत कौतुक केलं आणि काहीतरी विचारलं. सिस्टर नुसत्या हसल्या. बाईंना वाटलं, यांना कळलं नाही. त्या पुढे गेल्या. मी चिडून म्हटलं, "सिस्टर, तुम्ही बोलला का नाहीत?"

"अगं, लिहिताना मागं जाता येतं," त्या म्हणाल्या. "बोललेलं कुठं खोडता येतं?"

त्या बाळकुमच्या. तेव्हा बाळकुम गावच होतं. वडील मिठागरात कामाला. आई लवकर गेली. गावातून नर्सिंगला गेलेली ही पहिली मुलगी. तिथे त्यांनी वर्गात तोंड उघडलं की बाकीच्या मुली त्यांच्या बोलीला हसायच्या. म्हणून त्यांनी बोलणं सोडलं आणि लिहिणं धरलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही फायली लावता लावता.

लग्न केलं नाही. घरी त्या आणि धाकटा भाऊ एकनाथ. आई गेली तेव्हा तो कडेवरचा होता. त्याला त्यांनीच वाढवलं. लहानपणी तापात त्याचे सांधे धरले होते, ते पुढे हृदयाच्या झडपेवर गेलं. कळलं तेव्हा तो डोंबिवलीच्या मानपाड्याला एका रंगाच्या कारखान्यात कायम झाला होता. पिंपांसमोर आठ तास उभं राहून ढवळायचं काम. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात ऑपरेशनच्या यादीत त्याचं नाव लागलं होतं. नंबर कधी येईल, वर्षाने की दोन वर्षांनी, ते कुणी सांगत नव्हतं. तोवर हृदयावर ताण नको, एवढंच डॉक्टरांचं म्हणणं.

कारखान्यातही माणसं होती. साहेब म्हणाले, डब्यांना लेबलं लावायचं बैठं काम आहे, ते याला देऊ. पण कामगार विम्याच्या वैद्यकीय बोर्डाने लिहून दिलं पाहिजे. उभं काम नको, एवढी एक ओळ. सिस्टरांना आता त्या एका ओळीशिवाय काही सुचत नव्हतं. नंबर येईपर्यंत एकनाथला बसता आलं, तर तो ऑपरेशनपर्यंत पोचणार होता.

मी एका रविवारी त्यांच्या घरी गेले होते. एकनाथ ओट्यावर बसला होता. तिशीचा, गोरटेला, ओठ जरा निळसर. मला बघून म्हणाला, "या. तुम्हीपण पाय दाबायला आयल्या का?"

"गप रे," सिस्टर आतून ओरडल्या. घरात त्यांची भाषा पार बदलायची. "जेवलास का? भाकर तशीच हाय."

"बाय, अळणी कालवण गिळवत नाय मना. आपला बाप मिठागरात, आन् मना चिमटीभर मीठ नाय!"

"बापाला सांग जाऊन."

"जाईन तवा सांगीन," तो म्हणाला. आत भांडं जरा जोरात ठेवल्याचा आवाज आला.

संध्याकाळ झाली तशी त्याचे घोटे भरून आले. सिस्टरांनी टेप आणून घेर मोजला, अंगठा दाबला, दहा मोजले, वहीत वेळ घालून लिहिलं. आणि लगेच दोन उशा आणून त्याचे पाय वर ठेवले. मोजणं, लिहिणं, उशा ठेवणं, सगळं एका दमात. वीस वर्षं वॉर्डात असंच करत आलेला तो हात होता.

बोर्डाला द्यायचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं, मी टाइप केलं, सामंतांनी सही केली. सलग दहा संध्याकाळची मापं त्यात होती. दोन्ही पायांवर, नडगीच्या मध्यापर्यंत, दाबल्यावर खळगा पडणारा इडिमा. दिवसभर उभं राहिल्यावर वाढतो, रात्री पाय वर ठेवल्यावर उतरतो. एवढं स्वच्छ पत्र त्या खोलीतून आधी कधी गेलं नसेल. मला वाटलं, काम झालंच.

बोर्ड मुंबईला, सकाळी बसायचं. एकनाथ गेला आणि कागद घेऊन आला. त्यावर लिहिलं होतं: झडपेचा आवाज आहे, छाती स्वच्छ, पायांवर इडिमा नाही, नेहमीचं काम करण्यास हरकत नाही.

मी रागाने म्हणाले, "पत्र वाचलंच नसेल त्यांनी!"

सिस्टरांनी कागद दोनदा वाचला. "वाचलं असेल," त्या सावकाश म्हणाल्या. "पण त्यांनी दाबून पाहिलं. सकाळी नव्हता. नसलेला ते कसा लिहितील? बरोबर लिहिलंय त्यांनी."

मग खुर्चीवर बसल्या. "आदल्या रात्री दम लागला होता त्याला. मीच पाय वर ठेवले. पाणी उतरवायची गोळीही दिली." कागदाची घडी घालत म्हणाल्या, "मला माहीत होतं गं, बोर्ड सकाळी असतं."

दुसऱ्यांदा अर्ज केला. या वेळी सामंतांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं. मी तिथेच होते. "सिस्टर, स्पष्ट बोलतो. बोर्डाआधी दोन रात्री उशी द्यायची नाही. जाताना उभा राहू दे. तिथे बाकावर पाय खाली सोडून बसू दे. खोटं काही नाही यात. संध्याकाळी जे असतं तेच त्यांना सकाळी दिसेल."

"हो," सिस्टर म्हणाल्या.

"जमेल ना?"

"नर्स आहे मी, डॉक्टर. सांगितलेलं करते."

मी रजा काढून त्यांच्याबरोबर गेले. दोन रात्री एकनाथ पाय खाली सोडून, भिंतीला टेकून बसला होता. त्याचे डोळे खोल गेले होते. पण पाय हवे तसे झाले होते. बोर्डाच्या व्हरांड्यात आम्ही नऊला पोचलो तेव्हा घोट्यांची हाडं दिसत नव्हती. मला त्याचा आनंद झाला. आज लिहिताना लाज वाटते, पण झाला.

नंबर सतरावा. बाक अरुंद. एकनाथ मध्ये बसला, एका बाजूला सिस्टर, एका बाजूला मी. दहा वाजले. त्याचा श्वास ऐकू यायला लागला. सिस्टर समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, हात मांडीत घट्ट धरून.

अकराच्या सुमारास त्या उठल्या आणि खाली फरशीवर बसल्या. एकनाथचे दोन्ही पाय उचलून त्यांनी मांडीवर घेतले.

"सिस्टर, नका," मी म्हणाले. "थोडाच वेळ राहिलाय."

"बाय, सोड," एकनाथ म्हणाला. "लोकं बघतान. दोन घंट्यांचा तर सवाल हाय."

त्यांनी पाय खाली ठेवले. वर येऊन बसल्या. पाच मिनिटांनी परत खाली. त्या तशाच बसून राहिल्या, पाय मांडीवर, आणि हात घोट्यापासून वर, घोट्यापासून वर फिरत होता. मला वाटतं, त्यांचं तिकडे लक्षही नव्हतं. शिपाई येऊन म्हणाला, "मावशी, रस्त्यात बसू नका." तर त्या जराशा सरकल्या.

एक वाजता बोलावलं. आत तीन डॉक्टर होते. मधले वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी सिस्टरांचं पत्र सावकाश वाचलं आणि इंग्रजीत विचारलं, हे कुणी लिहिलंय? सिस्टर पदर हातात धरून नुसत्या उभ्या. मी मोडक्या इंग्रजीत म्हणाले, यांनीच लिहिलंय सर, या सिस्टर आहेत.

"फार छान लिहिलंय," ते मराठीत म्हणाले. मनापासून म्हणाले. मग उठले, गुडघ्यावर बसले आणि एकनाथच्या पायावर अंगठा टेकवला. सिस्टर वाकून बघत होत्या. ओठ हलत होते.

अंगठा उचलला. खळगा पडला होता, पण उथळ. बघता बघता भरून आला.

"थोडा आहे," डॉक्टर म्हणाले. "पण कल्याण-ठाण्याकडून इतका प्रवास, सकाळपासून बाकावर बसून. एवढा कुणालाही येईल हो, सिस्टर. तुम्ही तर जाणता." त्यांनी दुसऱ्या दोघांकडे बघितलं. "संध्याकाळचं मी नाकारत नाही. पण आम्हाला जे सापडतं तेच लिहावं लागतं."

सिस्टरांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता त्या सांगतील. दोन रात्रींचं, व्हरांड्याचं, मांडीवर घेतलेल्या पायांचं. त्या म्हणाल्या, "हो सर."

बाहेर आल्यावर एकनाथ एकदम हसला. "बाय, तू ना, एक नंबर नर्स हायस. सूज उतरवून दावलीस बोर्डाला." बहिणीला हसवायचं होतं त्याला. सिस्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून चालत राहिल्या.

त्यांनी पत्र आणखी कसं लिहायला हवं होतं, याचा मी खूप विचार केला. त्यात खोडण्यासारखा एक शब्दही नव्हता. सामंतांनी ओळखीच्या कुणालातरी फोन केला, तिसऱ्या अर्जासाठी सहा महिने थांबा असं उत्तर आलं. मुंबईच्या रुग्णालयातही विचारलं. यादी यादीप्रमाणेच चालते म्हणाले. कुणी वाईट वागलं असतं तर भांडता तरी आलं असतं. बोर्डासाठी काढलेली रजा संपली तशी एकनाथ पुन्हा पिंपांसमोर उभा राहिला. सिस्टर रेकॉर्डच्या खोलीत यायच्या, कागद तपासायच्या, वॉर्डात जायच्या. मला ओरडायच्या तेवढ्याच ओरडायच्या. फक्त पायाला अंगठा लावायचं काम त्या आता मला सांगायच्या. "तू बघ. तुला येतं आता," म्हणायच्या आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहायच्या.

त्या वर्षी मला कल्याणला एका कचेरीत चांगली जागा मिळाली. मुलाखतीत इंग्रजीत पत्र लिहायला सांगितलं होतं. मी ते भोईर सिस्टरांनी शिकवलं तसं लिहिलं: वाचणाऱ्याने काही पाहिलेलं नाही असं धरून. साहेबांनी विचारलं, कुठल्या शाळेत शिकलात? मी म्हणाले, एरंडोलच्या. खरं उत्तर एवढं लहान नव्हतं, पण ते तिथे सांगता आलं नाही.

एकनाथ पुढच्या पावसाळ्यात गेला. यादीत त्याच्या पुढे किती नावं होती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. सामंतांचं पत्र आलं तेव्हा सगळं होऊन पंधरा दिवस झाले होते. मी बाळकुमला गेले, तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, सिस्टर वसईकडे मावसबहिणीकडे गेल्या. तिथला पत्ता कुणाकडे नव्हता. पुढे त्यांनी रुग्णालयाची नोकरीही सोडली असं ऐकलं.

पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याआधी, उन्हाळ्यात. कल्याणहून घरी येताना मानपाड्याला उतरले होते. साडेपाचचा भोंगा होऊन गेला होता. कारखान्याच्या फाटकासमोर, पानाच्या टपरीच्या सावलीत भोईर सिस्टर उभ्या होत्या. ड्यूटी संपवून ठाण्याहून थेट आल्या असाव्यात, पांढऱ्या साडीतच होत्या. कामगार घोळक्याने बाहेर पडत होते. घोळका संपला. मग बऱ्याच वेळाने एकनाथ आला. अनवाणी. बूट हातात, नाड्या एकमेकींना बांधलेल्या. सकाळी घातलेल्या बुटांत आता पाय जात नव्हते.

मी हाक मारणार होते. पिशवीत नोकरीचे पेढे होते, त्यांच्यासाठी वेगळे ठेवलेले. पण मी अलीकडेच थांबले.

सिस्टरांनी त्याच्या हातातले बूट घेतले, स्वतःच्या रबरी चपला काढल्या आणि वाकून त्याच्या पायांपुढे सरळ करून ठेवल्या. त्याने बोटं आत सरकवली. टाचा बाहेर डांबरावरच राहिल्या. मग ती दोघं रस्त्याच्या कडेने निघाली, तो पाय ओढत आणि त्या अनवाणी, एका हातात बूट आणि दुसरा हात रिक्षाला दाखवत. पहिली रिक्षा थांबली नाही. दुसरी पुढे जाऊन थांबली, आणि ती निघून जाऊ नये म्हणून त्या तापलेल्या रस्त्यावरून तिच्याकडे पळत सुटल्या.